वकिलीचं कॉलेज निवडताना: आपली मुलगी तिथे रुळेल का?

 

हल्ली गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, सह्या झाल्या की कोणीतरी मागे थांबतं आणि विचारतं, "ताई, आमची पोरगी वकील व्हायचं म्हणते. कुठल्या कॉलेजात घालू?" पूर्वी हा प्रश्न डीएडचा असायचा, नर्सिंगचा असायचा. आता वकिलीचा येतो. मला त्याचं नवल वाटत नाही. आपल्या भागात कायद्याचं काम घराच्या ओटीवर येऊन बसलेलं आहे. महामार्गात जमीन गेली तर मोबदला कोणाच्या नावावर, सातबाऱ्यावर वारस कोण, हे आपल्याकडचे रोजचे विषय. २००८ साली सेझच्या जमिनीवरून पेण तालुक्यातल्या २२ गावांत लोकांचं मत घेतलं गेलं, ते तुमच्यातल्या कित्येकींना आठवत असेल. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बंद पडली, तेव्हा ठेवीची पावती हातात घेऊन लोक वर्षानुवर्षं फिरले. आणि हक्कसोड तर घरोघरची गोष्ट. वडिलांच्या मिळकतीत मुलीचा वाटा मुलाइतकाच, हे २००५ च्या दुरुस्तीने पक्कं झालं. तरी आजही बहिणीला गाडीत घालून तालुक्याला नेतात, "इथे सही कर" म्हणतात, आणि कागदात काय लिहिलंय हे तिला वाचून दाखवणारी एकही बाई तिथे नसते.

म्हणून मुली वकील होऊ म्हणतात तेव्हा मला बरं वाटतं. पण कॉलेज निवडताना आपण तीनच गोष्टी विचारतो: फी किती, निकाल किती, नाव किती मोठं. चौथी गोष्ट कोणी विचारत नाही. तिथे आपल्या मुलीला सामावून घेतील का? आजचं माझं बोलणं या चौथ्या गोष्टीबद्दल आहे. ही काही हौसेची बाब नाही. कित्येक मुलींचं शिक्षण पुरं होणार की अर्ध्यात सुटणार, हे तिच्यावर ठरतं.

असं का, ते सांगते. गावातली मुलगी बारावी किंवा बीए मराठीतून करते आणि एकदम कायद्याच्या वर्गात जाऊन बसते. पुस्तकं इंग्रजी, न्यायालयांचे निकाल इंग्रजी, त्यात मधेच लॅटिन शब्द. शेजारी बसलेल्या मुलीचे वडील वकील, काका वकील. तिला 'वादी-प्रतिवादी' लहानपणापासून ऐकून माहीत. आपल्या घरात कोर्ट म्हणजे बोलावणं आलं तरच जायची जागा. मग शंका विचारायला लाज वाटते. एकदा शिक्षक काही बोलले, चार जणी हसल्या, की ती मागच्या बाकावर जाते. मागच्या बाकावरून दाराबाहेर. पहिली सहामाही हीच खरी धोक्याची. त्या सहा महिन्यांत एखादी सिनिअर मुलगी "हे माझे नोट्स घे, आणि हा निकाल असा वाचायचा" म्हणाली, तर ती टिकते. एवढं साधं आहे ते.

कायद्याच्या शिक्षणात माणसं जास्तच लागतात. गणित एकटीने सोडवता येतं, अभिरूप न्यायालय एकटीने होत नाही. अभिरूप न्यायालय म्हणजे कॉलेजातच खोटं कोर्ट भरवून खऱ्यासारखी बाजू मांडायला शिकवतात ते. तिथे जोडीदार लागतो, चुकल्यावर न हसणारे वर्गमित्र लागतात. पुढे सनद मिळाल्यावर कोणातरी वरिष्ठ वकिलाकडे ज्युनिअर म्हणून काम करावं लागतं. ती ओळख कोण करून देणार? ज्यांच्या घरात वकील नाही त्यांना कॉलेजातले शिक्षक आणि सोबती हेच नातेवाईक. म्हणजे कॉलेजातला आपलेपणा पदवीबरोबर संपत नाही, पुढे पोटापाण्यालाही तोच उपयोगी पडतो.

आता वाटेची माहिती भरभर सांगते, कारण ती माहिती पत्रकात मिळते. दोन रस्ते आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांचा. दोन्हींसाठी राज्याची सीईटी द्यावी लागते, आणि ती मराठीतूनही असते. आधीच्या परीक्षेत खुल्या प्रवर्गाला निदान ४५ टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण हवेत. कायद्याची पदवी घरबसल्या, पत्राने मिळत नाही. तसं कोणी सांगत असेल तर पैसे देऊ नका. आणि एक खाचखळगा आहे, तो मात्र नीट ऐका. आपल्यातल्या बऱ्याच जणींनी मुक्त विद्यापीठातून बीए केलंय. बारावी झालेली असून मग मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली असेल तर अडचण नाही. पण दहावी-बारावी न करता थेट पूर्वतयारी परीक्षा देऊन पदवी घेतली असेल, तर बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे कायद्याला प्रवेश मिळत नाही. ती पदवी खोटी नाही, बाकी ठिकाणी चालते, इथे चालत नाही. हे अर्ज भरायच्या आधी कळलेलं बरं. तसंच कॉलेजला बार कौन्सिल ऑफ इंडियाची मान्यता चालू आहे ना, हे सगळ्यात आधी पाहायचं. मान्यता नसेल तर तिथली माणसं कितीही प्रेमळ असोत, सनद मिळणार नाही.

आपल्या जवळ काय आहे? अलिबागला ॲडव्होकेट दत्ता पाटील विधी महाविद्यालय आहे, नवीन पनवेलला भागुबाई चांगू ठाकूर विधी महाविद्यालय आहे. दोन्ही मुंबई विद्यापीठाची. मुंबईत चर्चगेटला शासकीय विधी महाविद्यालय आहे, १८५५ पासूनचं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे शिकवायचे, आणि १९३५ मध्ये ते तिथले प्राचार्य झाले. जुहूला एसएनडीटी महिला विद्यापीठाची लॉ स्कूल आहे. यातलं अमुक चांगलं, तमुक वाईट, असं मी सांगणार नाही. ते आपण आपल्या डोळ्यांनी बघायचं. कसं बघायचं तेवढं सांगते.

कार्यक्रमाच्या दिवशी जाऊ नका. स्नेहसंमेलन, स्वागत समारंभ, त्या दिवशी सगळेच हसतमुख असतात. साध्या मंगळवारी-बुधवारी जा. मुलीला घेऊन जा, आणि जमलं तर गटातली अजून एक बाई. आधी ऑफिसच्या खिडकीशी उभ्या राहा. फॉर्म कसा भरायचा, असं साध्या आवाजात विचारा. खिडकीतला माणूस मान वर करून बोलतो का? "सगळं ऑनलाइन आहे, तिथे बघा" म्हणून हाकलतो का? माझा अनुभव असा, की प्राचार्यांच्या केबिनपेक्षा ही खिडकी जास्त खरं बोलते. कारण पुढची तीन किंवा पाच वर्षं मुलीचं काम त्या खिडकीशी पडणार आहे: शिष्यवृत्तीचा अर्ज, बोनाफाईड, परीक्षेचा फॉर्म.

मग मुलीला मोकळं सोडा आणि तिला दुसऱ्या वर्षाच्या मुलींशी बोलू द्या. आपण बाजूला बसायचं, आया समोर असल्या की मुली खरं बोलत नाहीत. पहिल्या वर्षाच्या मुलींना अजून काही कळलेलं नसतं, शेवटच्या वर्षाच्या मुली जायच्या घाईत असतात. दुसऱ्या वर्षाच्या बरोबर. काय विचारायचं? तुमच्याबरोबर किती गावाकडच्या मुली होत्या आणि आता किती आहेत? ज्या सुटल्या त्या का सुटल्या? आजारी पडून पंधरा दिवस आली नाहीस तर तुला फोन कोण करतं? या शेवटच्या प्रश्नाला पटकन एखादं नाव आलं तर समजा ठीक आहे. मुली एकमेकींकडे बघायला लागल्या तर तेही उत्तरच आहे.

ग्रंथालयात डोकावा. पुस्तकं किती, हे तर बघाच, पण बसलेलं कोण आहे ते बघा. मुलींसाठी खोली आहे का, संडास वापरण्याजोगा आहे का, पाणी आहे का. याला काहीजणी हसतील. पण सकाळी सहाला घर सोडून दुपारी परतणाऱ्या मुलीला विचारा. ज्या जागेत पाळीच्या चार दिवसांत बसता येत नाही, ती जागा तिला "ये" म्हणत नाही.

भाषेचं विचारा. उत्तरपत्रिका मराठीत लिहिता येते का, आणि लिहिणाऱ्या मुलांना शिक्षक मराठी पुस्तकं सुचवतात का, की तोंड वाकडं करतात? आपल्या तालुक्याच्या कोर्टात कामकाज मराठीत चालतं, त्यामुळे मराठी चांगली असलेली मुलगी मागे नाही. इंग्रजी शिकावीच लागेल, त्यात वाद नाही, वरच्या कोर्टाचे निकाल इंग्रजीत असतात. पण शिकवणारा हात धरून शिकवतो की पाण्यात ढकलून देतो, यात फरक आहे.

आता एक आत बघण्याची जागा सांगते, जी बहुतेकींना ठाऊक नसते. बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे प्रत्येक कायद्याच्या कॉलेजात विधी साहाय्य केंद्र असावं लागतं. म्हणजे विद्यार्थ्यांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली गरिबांना कायद्याची मदत करायची. कागदावर ते सगळीकडे असतं. तुम्ही विचारा, मागच्या वर्षी कुठल्या गावात गेलात? आदिवासी वाडीवर गेलात का? गावांची नावं पटापट आली, मुलं सांगायला लागली की तिथे रेशनकार्डाची कामं निघाली, तिथे वारसनोंदीची निघाली, तर ते कॉलेज बाहेरच्या माणसाला आत घेणारं आहे. जे कॉलेज कातकरी वाडीतल्या बाईशी नीट बोलायला शिकवतं, ते त्या वाडीतून आलेल्या मुलीलाही नीट वागवेल, असं मला वाटतं. आणि हे केंद्र चांगलं असेल तर आपल्या ग्रामसंघाने त्यांना शिबिराला बोलवावं. मुलगी कॉलेजात जायच्या आधी कॉलेज आपल्या गावात येईल.

रॅगिंगविरोधी समिती आणि लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीची अंतर्गत समिती, ही दोन्ही नावं फलकावर फोन नंबरासकट लावलेली असायला हवीत. फलकावरचे नंबर लागतात का, तेही एकदा लावून बघा. रॅगिंगच्या तक्रारीसाठी देशभराचा नंबर आहे, १८००-१८०-५५२२. तो वहीत लिहून ठेवा.

इथे मला कॉर्नेलिया सोराबजींची गोष्ट सांगावीशी वाटते. त्यांचा जन्म १८६६ चा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकल्या, परीक्षेत वर आल्या. विलायतेला जायची सरकारी शिष्यवृत्ती त्यांना मिळायला हवी होती, पण बाई म्हणून नाकारली. इंग्लंडमधल्या काही लोकांनी, त्यात बायका होत्या, पैसे जमवले आणि त्यांना ऑक्सफर्डला नेलं. तिथे मुलींच्या सॉमरव्हिल या वसतिगृहवजा कॉलेजात त्या राहिल्या. १८९२ मध्ये कायद्याची परीक्षा आली, तर पुरुषांबरोबर बाईची परीक्षा घ्यायलाच आडकाठी. शेवटी विद्यापीठाने खास ठराव करून त्यांना बसू दिलं. त्या परीक्षा पास झाल्या, पण पदवी हातात पडली १९२२ मध्ये. तीस वर्षांनी! भारतात बायकांना वकिली करायची मोकळीक कायद्याने मिळाली ती १९२३ मध्ये. आता बघा, ते विद्यापीठ केवढं मोठं, केवढं जुनं. पण मोठेपणाने त्यांना आत घेतलं नाही. आत घेतलं ते चार-पाच माणसांनी, ज्यांनी पैसे जमवले, राहायला जागा दिली, ठरावासाठी खटपट केली. आपण मुलीसाठी कॉलेज शोधतो म्हणजे खरं तर अशी चार-पाच माणसं शोधतो.

पण गोड बोलण्याला भुलू नका. आपलेपणाच्या नावाखाली दोन प्रकार चालतात. एक म्हणजे गोतावळा. आपल्याच जातीची, आपल्याच गावची, आपल्याच पक्षाची पोरं एकत्र, बाकीच्यांना वाऱ्यावर सोडायचं. आपली मुलगी त्या गोतावळ्यातली असली तर आपल्याला ते छान वाटतं. पण तेव्हाही विचारा, ज्या मुलीचं इथे कोणी नाही तिच्याशी कसं वागतात? एखाद्या वर्षी आपली मुलगी ती असू शकते.

दुसरा प्रकार जास्त वाईट. "ताई, मुलीला रोज पाठवायची गरजच नाही. घरचं बघू द्या. हजेरीचं आम्ही सांभाळून घेऊ, परीक्षेपुरती पाठवा." ऐकायला किती समजूतदार वाटतं! आपल्यालाही बरं, एसटीचे पैसे वाचले, गणपतीच्या कारखान्यात रंगकामाच्या दिवसांत घरात दोन हात वाढले. पण बार कौन्सिलचा नियम ७० टक्के हजेरीचा आहे. आणि नियम बाजूला ठेवला तरी, घरी बसलेल्या मुलीला सोबती कुठून मिळणार? निकाल वाचायला कोण शिकवणार? एका गटातल्या बाईंची मुलगी अशीच परीक्षेपुरती जायची. दुसऱ्या वर्षी स्थळ आलं आणि सासरचे म्हणाले, ती तशीही कॉलेजला जातच नाही. त्यांना काय उत्तर देणार? जे कॉलेज "येऊ नकोस" म्हणतं, ते मायेनं म्हणत नाही. त्याला फक्त तिचं नाव पटावर हवं असतं.

येण्याजाण्याचंही यातच येतं. अलिबागला रेल्वे नाही, पेणहून एसटीने वडखळवरून जायचं, आणि वडखळ नाक्याला गाडी अडकली की पहिला तास गेलाच. रोह्याहून पनवेलला रेल्वे आहे, पण गाड्या मोजक्या. तेव्हा कॉलेजच्या तासांचं वेळापत्रक आणि एसटीचं वेळापत्रक शेजारी शेजारी ठेवून बघा. त्या वाटेने आधीपासून जाणारी एखादी मुलगी गाठा. दोघी-तिघी एका गाडीने जायला लागल्या की आयांची निम्मी काळजी जाते, आणि गाडी चुकली तर शिक्षकांना कळवायलाही कोणी असतं. उशिरा आलेल्या मुलीला दारातच थांबवतात की आधी कुठून येते ते विचारतात, हेही दुसऱ्या वर्षाच्या मुलींनाच विचारायचं.

पैशाचं थोडक्यात. २०२४ मध्ये शासनाने वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिकवणी आणि परीक्षा फी माफ केली. आपल्या मुलीला आणि त्या कॉलेजला ते लागू आहे का, हे प्रवेशाच्या आधी विचारा. आदिवासी मुलींना वसतिगृहात जागा मिळाली नाही तर राहण्या-जेवणासाठी 'स्वयम्' योजना आहे, तिची चौकशी पेणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात करा. आपलं कॉलेज हे स्वतःहून सांगतं, की आपण दहा वेळा विचारल्यावर सांगतं, यावरूनही कळतं काय ते.

आणि हो, हे सगळं मुलींपुरतंच नाही. आत्ता राज्याच्या सीईटीला वयाची वरची अट नाही. मुंबईच्या फ्लेविया अग्नेस यांनी घरातल्या मारहाणीतून बाहेर पडून चाळिशीच्या आसपास कायद्याची पदवी घेतली, आणि पुढे बायकांना कोर्टात मदत करणारी 'मजलिस' ही संस्था उभी केली. आपल्या प्रभागसंघात बीए झालेल्या किती जणी आहेत! वीस वर्षांच्या पोरींमध्ये पस्तिशीच्या बाईला कसं बसवून घेतात, हा प्रश्न त्यांनी आपल्यासाठी विचारावा. वर्ग सकाळचे आहेत का, तेही. सकाळचे असतील तर दुपारचं काम सुटत नाही.

शेवटचं, अर्जाचं. सीईटी झाली, गुण आले, की कॉलेजांची पसंती ऑनलाइन भरायची असते. जागा त्या क्रमाने मिळते. आपल्याकडे काय होतं, मुलगी सायबर कॅफेत जाते, मागे रांग असते, आणि कॅफेवाला दादा आपल्या मनाने दहा नावं टाकून मोकळा होतो. त्याला काय ठाऊक वडखळचा नाका आणि आपल्या घरचं? तेव्हा पसंतीची यादी घरून कागदावर लिहून न्या. जिथे जाऊन खिडकीशी उभ्या राहिलात, जिथे दुसऱ्या वर्षाच्या मुलींनी नीट उत्तरं दिली, ती नावं वर. न पाहिलेली खाली. कॅफेत मुलीबरोबर बसा, भरलेलं तिला मोठ्याने वाचायला लावा, छापील प्रत घ्या आणि गटाच्या फायलीतच एक झेरॉक्स ठेवा. पुढच्या वर्षी दुसऱ्या कोणाची मुलगी विचारायला येईल, तेव्हा कुठे काय पाहिलं ते त्याच कागदाच्या मागे लिहिलेलं असू द्या.